वरची लिंक तुटली की चॅनलचं काय उरतं?

(या भागाचं हे लेखी रूप. अडखळणं आणि मागून येणारा आरामशीनचा आवाज काढून टाकलाय. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

नागपूरच्या लकडगंजातून बोलतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हा आमचा लाकूडबाजार. टिंबरची दुकानं, आरामशिनी आणि हवेत सागवानाचा भुसा. इथे माईक लावून पॉडकास्ट रेकॉर्ड करणं म्हणजे धाडसच आहे, पण घर इथेच आहे, तर काय करणार.

आजचा विषय एका मेसेजवरून सुचला. एका श्रोत्याने विचारलं, "दादा, अमेरिकेत मियामीच्या एका टीव्ही स्टेशनला एबीसी नेटवर्क सोडून गेलं म्हणे. स्टेशनचं नेटवर्क जातं म्हणजे काय होतं? आणि आपल्याकडे असं होतं का?"

प्रश्न भारी आहे. उत्तराचा शेवट मात्र मियामीत होत नाही. आमच्या गल्लीतल्या खांबावरच्या केबलच्या वायरशी होतो. तर आधी मियामीला जाऊन येऊ आणि मग घरी परत येऊ.

मियामी: ६८ वर्षांची सोबत सुटली

अमेरिकेतला टीव्ही आपल्यासारखा नाही. तिथे प्रत्येक शहरात वेगवेगळ्या मालकांची स्थानिक स्टेशनं असतात. त्यांच्याकडे स्वतःचा ट्रान्समीटर असतो आणि हवेतून प्रक्षेपण करायचा परवाना असतो. एबीसी, सीबीएस, एनबीसी, फॉक्स ही झाली देशपातळीवरची नेटवर्कं. नेटवर्क मालिका, मोठे सामने आणि राष्ट्रीय बातम्या बनवतं. शहरातलं स्टेशन ते दाखवतं आणि मधल्या वेळात आपल्या शहराच्या बातम्या देतं. हा करारावर चालणारा संसार. काही स्टेशनं नेटवर्कच्याच मालकीची असतात, बाकीची फक्त कराराने जोडलेली.

मियामीचं 'डब्ल्यूपीएलजी', तिकडच्या लोकांच्या भाषेत 'लोकल १०', हे असंच कराराने जोडलेलं स्टेशन. मियामीच्या या १० नंबरच्या चॅनलवर १९५७ पासून एबीसीच होतं. मार्च २०२५ मध्ये त्यांनी जाहीर केलं की करार पुढे वाढवणार नाही, आणि ४ ऑगस्ट २०२५ पासून एबीसी दुसरीकडे गेलं. सुमारे ६८ वर्षांची सोबत संपली.

कारण काय? पैसा. पूर्वी नेटवर्क स्टेशनला पैसे द्यायचं, कारण नेटवर्कला त्या शहरात पोचायचं होतं. मग काळ उलटा झाला. आता स्टेशनच नेटवर्कला पैसे देतं, आणि तो आकडा दर करारात वाढत जातो. शिवाय नेटवर्क स्वतःचे कार्यक्रम स्वतःच्या ॲपवरही टाकतं. म्हणजे ज्या मालासाठी स्टेशन जास्त पैसे मोजतंय, तोच माल लोकांना दुसऱ्या दुकानात मिळतोय. शेवटी स्टेशनने हिशोब केला आणि म्हटलं, जाऊ द्या. आम्ही शहराच्या बातम्या वाढवतो.

आता यातली गंमत ऐका. एबीसी मियामीत ज्यांच्या जोडचॅनलवर गेलं ते स्टेशन आहे 'डब्ल्यूएसव्हीएन'. याच स्टेशनने १ जानेवारी १९८९ ला एनबीसी गमावलं होतं, कारण एनबीसीच्या मालकांनी त्याच शहरात दुसरं स्टेशन विकत घेतलं होतं. तेव्हा हे आता बुडणार असं वाटावं अशीच स्थिती होती. त्यांनी मोकळ्या वेळात स्थानिक बातम्या भरल्या, नवख्या फॉक्स नेटवर्कशी हात मिळवला आणि उभे राहिले. ३६ वर्षांनी दुसऱ्याचं नेटवर्क त्यांच्याच दारात आलं.

तीन गोष्टी: नाव, माल, तार

ही कथा वाचताना मी वहीत तीन शब्द लिहिले. कुठल्याही चॅनलकडे तीन गोष्टी असतात.

पहिली, नाव. लोक तुम्हाला कशाने ओळखतात?

दुसरी, माल. पडद्यावर काय दिसतं आणि ते बनवतं कोण?

तिसरी, तार. तो माल घरापर्यंत पोचतो कसा? हवेतून, केबलने, डिशने की मोबाइलच्या डेटाने?

डब्ल्यूपीएलजीचा अर्धा माल गेला. पण नाव स्वतःचं होतं, बातम्यांचा माल स्वतःचा होता आणि तार, म्हणजे हवेतला परवानाही स्वतःचाच. म्हणून नेटवर्क गेलं तरी स्टेशन दुसऱ्या दिवशी सुरू होतं.

आता हे तीन शब्द हातात घेऊन आपल्याकडे बघू. आपल्याकडे शहराशहरात हवेतून प्रक्षेपण करणारी खाजगी टीव्ही स्टेशनं नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये सांगितलं होतं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यानंतर रेडिओत खाजगी एफएम आलं, पण जमिनीवरच्या टॉवरवरून टीव्ही दाखवणं दूरदर्शनकडेच राहिलं. त्यामुळे मियामीसारखी हुबेहूब घटना इथे घडू शकत नाही. तिच्या जवळच्या तीन घटना मात्र घडल्या आहेत, आणि प्रत्येकीत एक वेगळी गोष्ट हातातून गेली.

नाव गेलं: स्टार माझा

तुमच्यातल्या विशी-बाविशीतल्यांना हे आठवणार नाही, पण एबीपी माझा हे चॅनल आधी 'स्टार माझा' होतं. २००७ मध्ये सुरू झालं. 'स्टार' हे नाव स्टार इंडियाचं, पण चॅनल चालवणाऱ्या कंपनीत स्टारचा वाटा २६ टक्के आणि कोलकात्याच्या आनंद बझार पत्रिका समूहाचा, म्हणजे एबीपीचा, ७४ टक्के. असं का? कारण तेव्हा बातम्यांच्या चॅनलमध्ये परदेशी गुंतवणुकीला २६ टक्क्यांचीच मुभा होती. मनोरंजनाच्या चॅनलला ती अट नव्हती.

२०१२ मध्ये दोघं वेगळे झाले. स्टारने आपलं नाव परत घेतलं. १ जून २०१२ पासून स्टार न्यूजचं एबीपी न्यूज झालं, स्टार आनंदाचं एबीपी आनंद आणि आपल्या स्टार माझाचं एबीपी माझा.

विचार करा, पाच वर्षं घासून-पुसून लोकांच्या तोंडी बसवलेलं नाव एका दिवसात गेलं. पण माल स्वतःचा होता. बातमीदार तेच, अँकर तेच, गावोगावचं जाळं तेच. आमच्या घरी काही महिने सगळे "स्टार माझा लाव" असंच म्हणायचे आणि लावायचे एबीपी माझा. मग सवय झाली. आज त्या चॅनलला स्टारवरून कोणी ओळखतं का? तर धडा असा, की माल स्वतःचा असेल तर नाव गेलेलं पचतं.

माल गेला: फेब्रुवारी २०२३

दुसरी घटना ताजी आहे. आठवा, ९ फेब्रुवारी २०२३ ला भारत-ऑस्ट्रेलिया मालिकेची पहिली कसोटी आपल्या जामठ्याला सुरू झाली. तिसऱ्या दिवशी संपलीसुद्धा, डावाने जिंकलो. दुसरी कसोटी दिल्लीत १७ तारखेपासून. १८ फेब्रुवारीला शनिवार, महाशिवरात्र आणि कसोटीचा दुसरा दिवस. उपास, सुट्टी आणि मॅच. आणि नेमकं त्याच दिवशी देशभरातल्या कित्येक केबल नेटवर्कवरून स्टार, झी आणि सोनीची चॅनलं गायब झाली.

झालं काय होतं? चॅनलवाले आणि केबलवाले यांच्यात एक प्रमाणित करार असतो, 'आरआयओ' म्हणतात त्याला. चॅनलचा दर काय, पॅकमध्ये किती सूट, हे सगळं त्यात. ट्रायने नोव्हेंबर २०२२ मध्ये नियम बदलले. पॅकमध्ये घालायच्या चॅनलच्या किमतीची मर्यादा १२ रुपयांवरून परत १९ रुपये केली. ते १ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालं. चॅनल कंपन्यांनी नवे दर काढले आणि म्हणाल्या, सही करा. मोठ्या केबल कंपन्यांच्या संघटनेने, एआयडीसीएफने, म्हटलं की एवढा दर लावला तर गिऱ्हाईक तुटेल, आम्ही सही करत नाही. प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेलं. तिथे निकाल लागायच्या आधीच सिग्नल बंद झाले. संघटनेच्या म्हणण्यानुसार सुमारे साडेचार कोटी घरांना फटका बसला.

आठवडा पुरा व्हायच्या आत सह्या झाल्या आणि चॅनलं परत आली. कोण वाकलं ते यातच कळतं.

त्यानंतर मी एका केबलवाल्या भाऊंना गाठलं होतं. आमच्या पूर्व नागपुरातलेच, पंचवीस-तीस वर्षं या धंद्यात. मी म्हटलं, "भाऊ, वायर तुमची, डबा तुमचा, गिऱ्हाईक तुमचं. मग ते कसं काय बंद करू शकतात?" ते हसले. म्हणाले, "तुले टीव्हीवर चॅनल दिसते बाबू, मले त्याच्या मागचा कागद दिसते."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलंय. केबलवाल्याकडे तार होती, पण माल उसना. मालकाने माल उचलला की उरतो नुसता डबा. लोक फोन करून शिव्या घालतात त्या केबलवाल्याला, कारण त्याचाच नंबर सगळ्यांकडे असतो.

जाता जाता पैशाचं गणितही सांगतो, कारण घरी हा प्रश्न विचारला जातो. २०१९ मध्ये नवी पद्धत आली तेव्हा पहिल्या १०० चॅनलांसाठी नेटवर्क शुल्क जास्तीत जास्त १३० रुपये होतं. १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. पैशाच्या चॅनलांचे दर त्याच्यावर वेगळे. जुलै २०२४ मध्ये ट्रायने १३० ची ती मर्यादा काढून टाकली. चॅनलच्या छापील दरातला किमान २० टक्के वाटा वितरकाचा. वितरकात दोन जण येतात. एक मोठी कंपनी, जी सिग्नल गोळा करते, आणि दुसरा आपल्या गल्लीतला केबलवाला. दोघांचं वेगळं काही ठरलं नसेल तर वाटणी ५५ आणि ४५ टक्के, ४५ गल्लीवाल्याचे. आता समजा १९ रुपयांचं चॅनल आहे. २० टक्के म्हणजे ३ रुपये ८० पैसे. त्यातले ४५ टक्के म्हणजे साधारण १ रुपया ७१ पैसे. पावसात खांबावर चढतो त्याच्या हातात एका चॅनलमागे एवढे.

तार गेली: दूरदर्शनचे टॉवर

तिसरी घटना झाली तेव्हा कोणाच्या लक्षातही आलं नाही. तालुक्या-तालुक्यात दूरदर्शनचे छोटे टॉवर होते. 'लघुशक्ती प्रक्षेपण केंद्र' अशी पाटी असायची. घरावर ॲल्युमिनियमचा अँटेना लावून आपले आई-बाबा जे बघायचे ते यांच्यावरूनच. प्रसार भारतीने ही जुनी ॲनालॉग केंद्रं टप्प्याटप्प्याने बंद केली. मोक्याच्या जागांवरची सुमारे ५० वगळून उरलेली सगळी ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करायचं ठरलं होतं.

गावात मोर्चा निघाला का? नाही. लोक आधीच डिशवर आणि फ्री डिशवर गेले होते, हे एक कारण. पण मला दुसरंही कारण दिसतं. त्या टॉवरकडे गावाचं स्वतःचं असं काही नव्हतं. वरून आलं ते पुढे फेकायचं, एवढंच काम. ज्याच्याकडे गावाचा माल नाही, तो बंद पडला तर गावाला कळत नाही.

आता घरी: लोकल चॅनल

आता मुद्द्यावर येतो. नाव स्वतःचं, माल स्वतःचा, पण तार दुसऱ्याची, असं आपल्या शहरात काय आहे? केबलवरचं लोकल चॅनल.

तुम्ही हसाल. मीही हसायचो. खाली साड्यांच्या सेलची पट्टी, कोपऱ्यात कोचिंग क्लासचा लोगो आणि मधे वॉर्डातलं उद्घाटन. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते तेव्हा पूर्ण मिरवणूक कोण दाखवतं? राष्ट्रीय चॅनलवर ती मिनिटभर येते, राज्यातल्या चॅनलवर तीन मिनिटं. लोकलवर बडग्यासकट सगळी. आपल्या गल्लीतला पोरगा नाचताना दिसला की घरातून ओरडा.

आणि एकदा तर हसणं बंदच झालं. मार्च २०२५. १७ तारखेला शहरात हिंसाचार झाला आणि अनेक पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. त्यात लकडगंजही होतं. मी तेव्हा पुण्यात होतो, घरी आजी आणि आई. फोन केला तर आजी चिडलेली. म्हणे, "ते दिल्लीवाले नुसते भांडून राहिले. दूध किती वाजता भेटन ते कोणी सांगून नाही राहिलं."

हिंदी चॅनलांवर रात्रंदिवस इतिहासावर वाद चालू होता. आजीला इतिहास नको होता. तिची बीपीची गोळी संपत आली होती. कुठल्या भागात संचारबंदी कधी शिथिल होणार, मेडिकल उघडं आहे का, एवढंच तिला हवं होतं. तिला ते लोकल चॅनलच्या पट्टीवर मिळालं. व्हॉट्सॲपवरही मेसेज फिरत होते, पण त्यातला खरा कोणता आणि खोटा कोणता हे मलाच कळत नव्हतं, तर तिला काय कळणार. पट्टीवरचं मात्र तिला खरं वाटलं, कारण ते सांगणारा माणूस कोण, कुठे बसतो, हे तिला माहीत होतं. चुकीचं छापलं तर उद्या त्याला याच रस्त्याने जायचं होतं.

मग अडचण कुठे आहे?

अडचण तारेची. एआयडीसीएफ आणि ईवाय यांच्या २०२५ च्या अहवालात आकडा आहे. पैसे भरून टीव्ही बघणारी घरं २०१८ मध्ये १५.१ कोटी होती, २०२४ मध्ये ११.१ कोटी. सहा वर्षांत चार कोटी घरं गेली. काही फ्री डिशवर, काही स्मार्ट टीव्हीवर, आणि बरीचशी तुमच्या-माझ्यासारखी मोबाइलवर. मी स्वतः घरची केबल बंद करा म्हणून आईच्या मागे लागलो होतो, ते कबूल करतो.

केबलची घरं कमी झाली की लोकल चॅनलला जाहिराती देणारा साडीवाला कमी होतो. मग कॅमेरावाला कमी होतो. मग मारबत फक्त दहा मिनिटं.

तुम्ही म्हणाल, मियामीवाल्यांसारखं स्वतंत्र व्हा ना. इथेच खरी गोम आहे. आपल्याकडे नियमात दोनच पायऱ्या आहेत.

खालची पायरी म्हणजे केबलवरचं लोकल चॅनल. सरकारी भाषेत 'प्लॅटफॉर्म सर्व्हिस'. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याची नियमावली आली. एका चॅनलची नोंदणी फी १००० रुपये. स्थानिक बातम्या द्यायच्या तर चालवणारी संस्था कंपनी म्हणून नोंदलेली हवी. आणि अट अशी की ते चॅनल त्याच केबल नेटवर्कपुरतं. दुसऱ्या नेटवर्कला वाटता येत नाही. देवस्थानांच्या थेट प्रक्षेपणाला तेवढी सूट.

वरची पायरी म्हणजे उपग्रह चॅनल. बातम्यांचं पहिलं चॅनल काढायचं तर कंपनीची नक्त मालमत्ता २० कोटी रुपये हवी. वर उपग्रहाचं भाडं वेगळं.

१००० रुपये आणि २० कोटी. मधे पायरीच नाही. नागपूरसारख्या शहरासाठी हवेतून किंवा सगळ्या नेटवर्कवरून दिसणारं एक मध्यम आकाराचं शहरी स्टेशन, हा प्रकारच आपल्या नियमात बसत नाही. त्यामुळे मियामीच्या स्टेशनने नेटवर्क सोडलं तेव्हा त्याच्या पायाखाली जमीन होती. आमच्या लोकल चॅनलची जमीन म्हणजे केबलवाल्याची तार, आणि ती तारच आखूड होत चाललीय.

"मग यूट्यूबवर जा," असं मी भाऊंना म्हटलं. ते गेलेत, चॅनल आहे त्यांचं. पण त्यांचं म्हणणं मला पटलं. केबलवर बटण दाबलं की चॅनल लागतं, आजीलाही लागतं. यूट्यूबवर मारबतीचा व्हिडिओ कोणाला दिसणार हे दुसराच कोणी ठरवतो, आणि त्याच्याशी बसून करार करायची सोयसुद्धा नाही. स्टार-झीशी भांडायला निदान कागद होता. म्हणजे तार बदलली, पण वरचा मालक काही सुटला नाही.

तर उत्तर काय?

ज्याने मेसेज केला होता त्याला थेट उत्तर देतो. नेटवर्क गेल्याने स्टेशन मरतंच असं नाही. मियामीने ते दाखवलं आणि स्टार माझानेही. नाव, माल आणि तार यांपैकी माल आपला असेल तर वाट निघते, पण तो पोचवायला कुठलीतरी तार भरवशाची लागते. आपल्याकडे शहराचा माल बनवणारे लोक आहेत. शहराची तार नाही. २०२३ मध्ये स्टार-झी-सोनी गेली तेव्हा देशभर बातमी झाली, कारण करोडो लोकांना फरक पडला. एखाद्या शहरातलं लोकल चॅनल बंद पडेल तेव्हा बातमी होणार नाही, कारण ती बातमी देणारा तोच एक होता.

माझ्यापुरतं सांगतो. केबल बंद करायचा हट्ट मी सोडलाय. महिन्याचे पैसे आता मी भरतो, आणि पॅकमधली न बघितली जाणारी तीन महागडी चॅनलं काढून टाकली, त्यामुळे बिल आधीपेक्षा कमीच येतं. ते तुम्हीही करू शकता. चॅनल निवडायचा हक्क तुमचा आहे, केबलवाल्याने दिलेला पॅकच घ्या असं कुठे लिहिलेलं नाही.

आणि तुमच्यासाठी एक काम. आज घरी गेलात की तुमच्या गावाचं लोकल चॅनल कितव्या नंबरवर आहे ते शोधा. बंद पडलं असेल तर कधी पडलं ते आजी-आजोबांना विचारा, त्यांना नक्की आठवत असेल. मला व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एखाद्या भागात ऐकवू.

चला, समोरची आरामशीन परत सुरू झाली. तिच्यापुढे माझं काही चालत नाही. भेटू पुढच्या भागात!